बस आणि रेल्वे सगळ्यांनाच मोफत असावी – तुमचं मत काय?

पादचारी (धागाकर्ता): माझं मत सरळ आहे: असावी. पदपथ, रस्त्यावरचे दिवे, बागा यांचा खर्च करातून होतो, मग बसलाच वेगळा न्याय का? लक्झेंबर्गने २०२० च्या फेब्रुवारीअखेर देशभरातल्या बस, ट्राम आणि रेल्वे मोफत केल्या. रेल्वेच्या पहिल्या वर्गाला तेवढं तिकीट ठेवलं. पाहुण्यांनाही पैसे पडत नाहीत. शिवाय तिकीटयंत्रांचा खर्च वाचतो, आणि सगळ्या दारांतून चढता येत असल्यामुळे बस थांब्यावर रखडत नाही.

हिशेबी: पूर्ण असहमत. लक्झेंबर्ग छोटा, श्रीमंत देश. तिथे तिकिटातून एकूण खर्चाचा दहावा हिस्साही निघत नव्हता, म्हणून सोडून देणं परवडलं. जिथे निम्मा खर्च भाड्यातून निघतो, तिथे ते खिंडार कोण बुजवणार? बेल्जियममधल्या हॅसेल्टने १९९७ मध्ये बस मोफत केली, प्रवासी कित्येक पटींनी वाढले, आणि खर्च पेलेना म्हणून २०१३ मध्ये तिकीट परत आलं. एस्टोनियाची राजधानी टालिनने त्याच वर्षी रहिवाशांना प्रवास मोफत केला. तिथल्या अभ्यासात दिसलं की चालणाऱ्यांचं प्रमाण बरंच घटलं. म्हणजे नवे प्रवासी स्वतःची गाडी सोडून कमी आले, चालणं सोडून जास्त आले. मग रस्ते मोकळे कसे होणार?

रात्रपाळी: भाडं हा माझा प्रश्नच नाही. काम सुटतं तेव्हा शेवटची बस गेलेली असते. जी बस येतच नाही ती फुकट असून मला काय उपयोग? पैसे असतील तर आधी फेऱ्या वाढवा.

पादचारी: फेऱ्यांचं शंभर टक्के पटतं. फ्रान्समधल्या डंकर्कने २०१८ मध्ये दोन्ही गोष्टी एकदम केल्या, मार्गांची फेरआखणी आणि मोफत प्रवास. पाहणीत नव्या प्रवाशांपैकी बऱ्याच जणांनी गाडीऐवजी बस धरल्याचं सांगितलं. तिकडे मालकवर्गाकडून वाहतुकीसाठी वेगळा कर घेतात. कामगार वेळेवर पोहोचला तर फायदा मालकाचाही होतोच, त्यामुळे मला तो कर रास्त वाटतो.

आणि हिशेबी, चालणारे बसमध्ये आले हा तोटा कसा? त्यातले कितीतरी जण हौसेने चालत नसतात. भाडं वाचवायला चालतात, सामान घेऊन, उन्हापावसात. ते बसमध्ये बसले तर योजना फसली नाही, तिचं काम झालं. सगळा हिशेब गाड्या किती घटल्या यावरच मांडला, तर ज्यांच्याकडे गाडी नाही ते त्यात कुठेच दिसत नाहीत.

हिशेबी: मग त्यांना सवलत द्या ना. मोटारवाल्याचं तिकीट करातून कशाला भरायचं?

पादचारी: सवलत म्हटली की दाखला आला, दाखल्यासाठी खेटे आले. रोजंदारीवरच्या माणसाची त्यात मजुरी बुडते, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज तोच बाहेर राहतो. सगळ्यांनाच मोफत म्हटलं की कुणाला गरिबी सिद्ध करावी लागत नाही. मोटारवाल्याकडून पार्किंगचं पूर्ण शुल्क घ्या आणि तो पैसा बसला द्या.

हिशेबी: पार्किंगचं मान्य. पण त्या पैशातून पहिली खरेदी नव्या बसची व्हावी. भाडंमाफी त्यानंतर, तीही आधी गर्दी नसलेल्या वेळेत.

रात्रपाळी: गर्दी नसलेली वेळ म्हणजे आमचीच. तेव्हा बसही सोडा.