लहानपणीचा कार्टूनवाला बॅटमॅन आता बघितला की एवढा जड का वाटतो?

कुळागरातलं_वटवाघूळ (फोंडा)

मंडळी, प्रश्न थोडा बालिश आहे पण विचारतोच. ते 1992 चं बॅटमॅनचं कार्टून आठवतंय का, लाल आकाश, चौकोनी हनुवटी, सुरुवातीला कुठे नावसुद्धा येत नाही, नुसते दोन चोर आणि एक सावली आणि वीज चमकते? आमच्याकडे केबलवर लागायचं तेव्हा मी प्रायमरीत होतो आणि माझ्यासाठी तो कार्यक्रम म्हणजे गाडी, बॅटरँग आणि ढिशुम. व्हिलन कशाला चोरी करतो हे कोण बघतंय, व्हिलन आहे म्हणून करतो, संपलं.

आता भाचा सुट्टीला आलाय आणि पाऊस असा लागलाय की पोराला अंगणातसुद्धा सोडता येत नाही, म्हणून त्याला गुंतवायला मी ते परत लावलं. भाचा मजेत बघतोय, आणि मामाच गप्प झालाय. तो मिस्टर फ्रीझवाला 'हार्ट ऑफ आइस' भाग घ्या. मला फक्त बर्फाची बंदूक आठवत होती. गोष्ट काय आहे तर एका शास्त्रज्ञाची बायको नोरा, बरी न होणाऱ्या आजाराने पडलेली, हा तिला औषध सापडेपर्यंत गोठवून ठेवतो, कंपनीचा साहेब फेरिस बॉइल येतो, म्हणतो पैसे फार जातायत, बंद करा, आणि चालू प्रयोगाची वीज तोडायला लावतो. नवरा मध्ये पडतो तर त्याला लाथ मारून केमिकलमध्ये ढकलतो. आणि ह्याच बॉइलला पुढे मानवतावादी उद्योजक म्हणून पुरस्कार! हे सगळं वीस-बावीस मिनिटांत, पोरांच्या कार्टूनमध्ये.

शेवटी फ्रीझ कोठडीत बसून त्या काचेच्या गोळ्यातल्या नाचणाऱ्या बाहुलीकडे बघत नोराची माफी मागतो. बॅटमॅन बाहेर बर्फात उभा. त्याने केस सोडवली पण सुटलं काहीच नाही. हे आधीपासूनच असं होतं की माझंच वय झालंय? आणि दुसरं, पोर आठ वर्षांचं आहे, पुढचे भाग दाखवू की नको?

पेडण्याचो_पात्रांव

पात्रांव, वय झालंय हे खरं, पण ते आधीपासूनच काळं होतं, आणि काळं म्हणजे अक्षरशः काळं. कार्टूनचं बॅकग्राउंड साधारण पांढऱ्या कागदावर रंगवतात, हे कार्टून बनवणाऱ्यांपैकी एरिक रॅडोम्स्कीने काळा कागद वापरायला लावला, म्हणजे अंधार तयारच, आर्टिस्टने फक्त उजेड टाकायचा, एक खिडकी, एक दिवा, एक गाडीचा झोत. म्हणून ते गॉथम, बॅटमॅनचं शहर, कधी धुऊन निघाल्यासारखं वाटत नाही.

पण मला जास्त मजा वाटते ती सेन्सॉरची. मुलांचा कार्यक्रम म्हणून चॅनलवाल्यांचे नियम कडक, रक्त नको, हे नको, ते नको. त्याचा जोडीदार ब्रूस टिमने वैतागून एक चित्र काढलं होतं ज्यात मनाई असलेल्या सगळ्या गोष्टी एकाच फ्रेममध्ये कोंबल्यात, बंदूक, दारू, सिगरेट, फुटलेली काच, गळा दाबणं, सगळं. नेटवर मिळतं, जरूर बघा. आता गंमत अशी की ह्या मनाईमुळेच ते जास्त भयंकर झालं. बॅटमॅनचा छोटा साथीदार रॉबिन, त्याच्या आईबापाचा मृत्यू आठव, 'रॉबिन्स रेकनिंग' मधला. सर्कशीत दोघं झोपाळ्यावरून फ्रेमच्या बाहेर जातात, आणि परत येतो तो फक्त तुटका दोर. पडताना दाखवलं नाही, खाली काय झालं दाखवलं नाही. मी लहानपणी ते बघून काही घाबरलो नव्हतो, आता तो दोर येताना बघितला आणि रिमोट हातात घेतला. त्याच भागाला 1993 चं प्राइमटाइम एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालंय, म्हणजे मोठ्यांनाही तेव्हाच कळलं होतं हे काय आहे ते.

आणि घाबरायचं म्हणशील तर आपण काय कमी बघितलंय? आमच्या पेडण्यात जत्रेला दशावतारी बघत मोठे झालो आम्ही, काळा संकासूर लाल जीभ काढून येतो, जोक मारतो, सगळा मांडव हसतो आणि पुढे बसलेली पोरं आईच्या मांडीत शिरतात. जोकरचं तेच. हसवणारा आणि भीती घालणारा माणूस एकच असू शकतो हे पोरांना आपोआप कळतं, त्यांना समजावायला लागत नाही. दाखव बिनधास्त.

डिचोली_टिप्पर

फ्रीझबद्दल एक सांगू? आधीच्या कॉमिक्समध्ये हा माणूस अगदी फालतू व्हिलन होता, 1959 मध्ये आला तेव्हा नाव मिस्टर झीरो आणि काम काय तर बर्फाची बंदूक घेऊन दरोडे. नोरा नव्हतीच. नोरा ह्या कार्टूनसाठी त्याचा लेखक पॉल डिनीने लिहिली, आणि नंतर कॉमिक्सवाल्यांनी तीच गोष्ट उचलली. म्हणजे पोरांसाठी केलेल्या कार्यक्रमाने मोठ्यांच्या कॉमिक्सला शहाणं केलं.

मी मात्र हा भाग वेगळ्या कारणाने परत बघू शकत नाही. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या वाड्यावर रांगेने ट्रक उभे, बापाचा ट्रक त्यातलाच, बँकेचे हप्ते चालू. ते कोर्टाचं प्रकरण होतं, कारणं होती, बेकायदा खोदलं होतं हे सगळं मान्य, पण मला आठवतं ते एवढंच की वर कुठेतरी कुणीतरी एक कागद सही करतो आणि खाली एका घरातलं सगळं थांबतं, आणि सही करणाऱ्याला त्या घराचं नावसुद्धा माहीत नसतं. बॉइल त्याला लाथ मारून केमिकलच्या टेबलावर ढकलतो तो सीन सोडा. त्याच्या आधी तो खर्चाबद्दल बोलतो ना, शांतपणे, जसं काय लाइट बिल बोलतोय, तिथे मला राग येतो. लहानपणी मी फ्रीझवर दगड मारले असते. आता मला तो पुरता वाईट वाटत नाही, पण बॅटमॅनही चुकीचा वाटत नाही, कारण फ्रीझ त्या सूडापायी स्वतःच्याच साथीदाराला, पाय गोठलेल्या माणसाला, मागे टाकून जातो. त्याने काय बॉइलपेक्षा वेगळं केलं? तिथे लेखकाने भारी खेळी केलीय.

ता.क. शेवटी बॅटमॅन त्याला हरवतो कसं आठवतंय का? सर्दी झालेली असते म्हणून त्याच्या घरच्या नोकराने, आल्फ्रेडने, थर्मासमध्ये गरम चिकन सूप दिलेलं असतं, तेच हेल्मेटवर फोडतो. एवढ्या रडक्या भागात हे! आमच्या घरी असतं तर पेज ओतली असती.

साखळीवाली_बाय

तुम्ही सगळे पुरुष फ्रीझवर अडकलात, हार्लीबद्दल कोणी बोलणार की नाही?

हार्ली क्विन कॉमिक्समधून आलेली नाही, ती ह्याच कार्टूनमधून आली, 1992 च्या 'जोकर्स फेवर' भागात, जोकरची एक साधी साथीदार म्हणून. डिनीने ती आपल्या कॉलेजच्या मैत्रिणीवरून, आर्लीन सॉर्किनवरून लिहिली आणि आवाजही तिचाच. मला लहानपणी ती इतकी आवडायची की शाळेच्या गॅदरिंगला लाल-काळा फ्रॉक शिवून घेतला होता, आईला वाटलं विदूषक. तिचं ते 'पुडिन, पुडिन' किती क्यूट वाटायचं.

आता 'मॅड लव्ह' बघा, 1999 चा भाग, आधी 1994 ला कॉमिक आलं होतं. हार्ली मुळात शिकलेली डॉक्टर, अर्कममध्ये, म्हणजे गॉथमच्या वेड्यांच्या हॉस्पिटलात, पेशंट तपासायला जाते, तो पेशंट म्हणजे जोकर तिला बालपणाच्या रडक्या गोष्टी सांगतो, एकेकाला वेगवेगळी सांगतो हे नंतर कळतं, आणि ती सगळं सोडून त्याच्या मागे. मग ती स्वतःच्या डोक्याने बॅटमॅनला पकडून दाखवते तर हा खूश व्हायच्या ऐवजी तिला खिडकीतून ढकलतो, का तर जोक त्याचा, तिने कसा मारला. आणि ती खाली जखमी पडलेली असताना म्हणते माझंच चुकलं. पुढे बँडेजमध्ये ठरवते की झालं, संपलं, आता ह्याचं तोंड बघायचं नाही, आणि तेवढ्यात एक फूल आणि लवकर बरी हो अशी चिठ्ठी दिसते. झालं. परत सुरू.

हे मी प्रत्यक्ष माणसांत बघितलंय, नातेवाईकांत, म्हणून कोणाचं ते सांगणार नाही. माहेरी यायची, सगळे सांगायचे राहा, चार दिवसांनी तो पेढे घेऊन यायचा आणि ही बॅग भरायची. म्हणून मला ते दोघं कपल म्हणून टी-शर्टवर बघितलं की डोकं फिरतं.

भाच्याबद्दल माझं मत पात्रांवपेक्षा वेगळं आहे. संकासुराला बघताना पोर आईच्या मांडीत असतं हे तूच सांगितलंस ना दादा, मग? टीव्हीसमोर एकटं बसवू नये एवढंच. माझी मुलगी नऊची आहे, फ्रीझ दाखवला, टू-फेस दाखवला, 'मॅड लव्ह' नाही दाखवला. भीतीचं काही नाही. ते तिला मजेशीर वाटेल, मला वाटलं होतं तसं, ह्याची मला काळजी आहे.

रात्रपाळी_वास्को

सॉरी पण थोडं पाणी ओततो. हे काय सगळे 85 भाग महान नव्हते. व्हिलन पेंग्विन, आणि बॅटमॅनला तळघरात लपवणारी ती दोन पोरं, तो भाग आठवतोय का? आम्ही आठवताना निवडक आठ-दहा आठवतो आणि सिरीजच तशी होती म्हणतो. आणि एवढं दुःख व्हिलनचं दाखवलं तरी दर भागाच्या शेवटी उत्तर एकच, एक अतिश्रीमंत माणूस रात्री येऊन एका आजारी माणसाला बडवतो आणि अर्कममध्ये टाकतो, आणि पुढच्या आठवड्यात तो बाहेर. ते हॉस्पिटल आहे की बस स्टँड?

तरी एक भाग मी मानतो, साखळीवाल्या ताईंनी नाव घेतलंच, 'जोकर्स फेवर'. तो चार्ली कॉलिन्स. साधा नोकरदार, दिवस वाईट गेलेला, ट्रॅफिकमध्ये एका गाडीवाल्याला शिव्या घालतो आणि काच खाली होते तर आत जोकर. पर्वरीला पुलाच्या कामात अडकल्यावर आपण काय काय बोलतो आठवा आणि मग विचार करा. जोकर त्याला तिथे मारत नाही, म्हणतो एक उपकार कधीतरी फेडशील, आणि चार्ली नाव बदलून, गाव बदलून लपला तरी दोन वर्षं त्याच्यावर नजर ठेवतो. दोन वर्षांनी फोन. मला लहानपणी हा भाग बोअर झाला होता कारण मारामारी कमी. आता मी घरकर्जवाला माणूस, रात्री अनोळखी नंबर आला की चार्लीसारखाच चेहरा होतो.

पण शेवटी गल्लीत चार्लीच जोकरला अडवतो, बॉम्ब हातात घेऊन, म्हणतो माझ्यासारखा क्षुल्लक माणूस तुला संपवेल आणि तुझा शेवट असा फालतू होईल. आणि जोकर घाबरतो! बॅटमॅन, बॅटमॅन म्हणून ओरडतो. बॉम्ब नकली निघतो. जोकरचा आवाज देणाऱ्या मार्क हॅमिलने तिथे आवाजात जी भीती आणलीय ना.

पेडण्याचो_पात्रांव

वास्को, श्रीमंत माणूस बडवतो हे अर्धंच खरं. 'बेबी-डॉल' चा शेवट बघ. तीस वर्षांची बाई, आजारामुळे शरीर लहान मुलीचंच राहिलंय, जुन्या मालिकेत लहान पोरीचं काम करायची आणि ती मालिका संपल्यावर तिच्याकडे काहीच उरलं नाही. आरशांच्या खोलीत तिला एका आरशात ती मोठी झाली असती तर कशी दिसली असती ते दिसतं, ती सगळे आरसे गोळ्या घालून फोडते. बॅटमॅन बडवत नाही तिला. हातातली बंदूक काढून घेतो, ती त्याच्या पायाला मिठी मारून रडते, तो डोक्यावर हात ठेवतो. तो काही सोडवू शकत नाही, फक्त तिथून निघून जात नाही. हे किती कार्टूनमध्ये बघितलंस?

आणि बॅटमॅनचा आवाज, केविन कॉनरॉय, 2022 च्या नोव्हेंबरमध्ये गेला. त्याच वर्षी त्याने बॅटमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसीच्या एका अंकात स्वतःबद्दल लिहिलं होतं, गे असल्यामुळे कित्येक वर्षं दोन चेहरे घेऊन कसं जगायला लागलं, आणि तो आवाज कुठून आला. ते वाचून परत ऐक. मास्कशिवाय ब्रूस वेन म्हणून बोलताना वेगळा, मास्क घातल्यावर वेगळा, आणि दुसराच खरा वाटतो.

कुळागरातलं_वटवाघूळ

बापरे, एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद, टिप्परदादा तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

ताई, तुमचं पटलं, बरोबर बसून बघतोय. काल टू-फेस लावला. पुढे टू-फेस होणारा हार्वी डेंट लहानपणापासून राग गिळत आलेला माणूस, गुपचूप डॉक्टरकडे जातो, आणि तिथली फाइल गुंडाच्या हाती लागते, निवडणुकीच्या तोंडावर ब्लॅकमेल. मला वाटलं पोराला हे डोक्यावरून जाईल. भाग संपल्यावर विचारतो, मामा, राग आला की सांगायचा की नाही सांगायचा? मी म्हटलं सांगायचा. तर म्हणे मग आईने मोबाईल काढून घेतला त्याचा मला अजून राग आहे. आता बहिणीला फोन कोण लावणार?

फ्रीझबद्दल त्याने एकच विचारलं, नोरा मेली का. मी ठामपणे काही बोललो नाही.

डिचोली_टिप्पर

अरे मग सांग ना त्याला! 1994 चा 'डीप फ्रीझ' लाव, त्यात कळतं नोरा अजून गोठलेलीच आहे, जिवंत. फक्त नंतरचा 'कोल्ड कम्फर्ट' एवढ्यात दाखवू नको, त्यात फ्रीझचं नुसतं डोकंच शिल्लक राहतं आणि त्याला कोळ्यासारखे पाय असतात. तो भाग मी पंचविशीत बघून जेवलो नव्हतो मरे.