मदत हवी आहे: लॅब्रॅडॉर कुत्र्यांचा लठ्ठपणा रक्ततपासणीत लवकर कळतो का?

आमची शेरी, लॅब्रॅडॉर, साडेचार वर्षांची. गेल्या दिवाळीआधी नसबंदी केली तेव्हा 27 किलो होती, परवा काट्यावर 32.4 भरली. डॉक्टर म्हणाले, "लॅब अशाच असतात, मनावर घेऊ नका." पण मी घेतलंय. आमचा आधीचा राजाही असाच गुटगुटीत, सगळ्यांच्या कौतुकाचा. नवव्या वर्षी त्याचे मागचे पाय गेले. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेवटचे आठ महिने मी आणि नवरा त्याला चादरीत घालून खाली न्यायचो. जिन्याच्या वळणावर दम खायला थांबलो की तो माझ्या मनगटावर हनुवटी टेकायचा. ते पुन्हा नको.

म्हणून मागे लागून रक्त तपासून घेतलं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 210, कोलेस्टेरॉल वरच्या मर्यादेला टेकलेलं, टी-फोर (थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक) खालच्या मर्यादेच्या जरासं वर, साखर ठीक. सकाळी आठला जेवली होती, रक्त अकराला घेतलं. याचा अर्थ काय लावायचा? लेप्टिन आणि अॅडिपोनेक्टिन या चरबीतून येणाऱ्या संप्रेरकांबद्दल वाचलं, त्या तपासण्या करून घ्याव्यात का? सासूबाई पोळ्या करायला बसल्या की ही पोळपाटाशी हजर, आणि तुपाचा हात लावलेला तुकडा मिळाल्याशिवाय उठत नाही. "मुका जीव, मागतो तर नाही कसं म्हणू?" हातात ठोस काही असल्याशिवाय त्यांना थांबवणं अवघड आहे.

प्रतिसाद:
ताई, मी पशुवैद्यक आहे. जेवणानंतर तीन तासांत घेतलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड चढलेलंच दिसणार. 12 तास उपाशी ठेवून (पाणी चालेल) पुन्हा करा. तेव्हाही जास्त आलं तर दखल घ्यायची. लेप्टिन चरबीच्याच पेशींतून येतं, चरबी वाढली की तेही वाढतं, म्हणजे हाताला कळतं तेच ते सांगणार. अॅडिपोनेक्टिनचे कुत्र्यांमधले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावर पैसे घालू नका. थायरॉइडचं मात्र बघा. ते मंदावलं तर वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढतात. पण टी-फोर इतर आजारांत, काही औषधांनीही उतरतं, म्हणून सोबत फ्री टी-फोर (रक्तात मोकळं असलेलं टी-फोर) आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) करा.

आता हात. स्वतःची मूठ वळून सांध्यांवरून बोट फिरवा: फासळ्या तशा लागल्या तर कुत्रं रोड. मग तोच हात सपाट पसरून त्याची वरची बाजू चाचपा: फासळ्या तशा लागल्या तर छान. तळहातासारखं मऊ लागलं तर चरबी चढलीय.

भुकेचं म्हणाल तर 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅबमध्ये भुकेशी संबंधित पीओएमसी या जनुकातला एक दोष सापडला, साधारण चारातल्या एकीत असतो. अशांचं खाण्यावरच जास्त लक्ष असतं. शिवाय नसबंदीनंतर गरज कमी होते, वाटी तेवढीच राहते. सासूबाईंना हे सांगा: 48 लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून त्यांच्यावर जन्मभर अभ्यास झाला. ज्यांना जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, ते जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधे उशिरा दुखायला लागले.

धागाकर्ती:
मनापासून आभार. आत्ताच चाचपलं, तळहातच लागला. शनिवारी उपाशीपोटी नेतेय. "दोन वर्षं" ऐकून सासूबाई गप्प झाल्या. मग विचारलं, "काकडी चालेल का गं तिला?"

प्रतिसाद:
चालेल. साल काढून, मीठ न लावता.