मायामी ते बार्सिलोना बोटीने, मध्ये आठवडाभर नुसतं पाणी. बाबांचा वेळ जाईल का?

शेवग्याची_शेंग:
नमस्कार मंडळी. आईबाबा (६८ आणि ७३) डिसेंबरात आमच्याकडे न्यू जर्सीला येतायत, एप्रिलमध्ये परत जाताना त्यांना मायामी ते बार्सिलोना क्रूझने न्यायचं आणि तिथून मुंबईच्या विमानात बसवायचं असं डोक्यात आहे. १४ रात्री आहेत, स्वस्त पण पडतंय कारण बोटी उन्हाळ्यासाठी युरोपात जातच असतात. आई एका पायावर तयार, पण बाबा म्हणतात मला कोंडून घालताय का. माणूस पहाटे ५ ला उठतो, कडक चहा आणि चालणं झाल्याशिवाय बोलत नाही. कोणी केलंय का?

भटकभवानी:
आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन हेच केलंय. पहिले दोन दिवस सासरे कठड्याला टेकून "अजून पाणीच" असा रिपोर्ट देत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना लायब्ररीजवळ जिगसॉचं टेबल सापडलं, १००० तुकड्यांचं, येताजाता कोणीही दोन तुकडे लावून जातं. तिथे एक स्कॉटिश आजोबा आणि हे, दोघांना एकमेकांचं इंग्रजी धड कळत नव्हतं पण आभाळाचे तुकडे कोणी लावायचे यावरून रोज व्यवस्थित वाद.

खरा वैताग घड्याळाचा. सहा तासांचा फरक आहे तो रात्री एकेक तास करून कापून घेतात. पहाटे ५ ला उठणारे आमचे सासरे शेवटी शेवटी नाष्टा बंद व्हायच्या वेळेला डोळे चोळत यायचे 😄 गोळ्यांच्या वेळांचं मात्र डॉक्टरांना आधी विचारून ठेव. आणि शेंगेन व्हिसा (स्पेनमध्ये उतरायला लागतो तो) भारतातूनच काढून आणायला सांग, इथे टुरिस्ट व्हिसावर असताना सहसा अर्ज घेत नाहीत.

देवगडचो_झील:
नऊ वर्षं बोटीवर हाऊसकीपिंगला होतो म्हणून सांगतो. किटली, इस्त्री आणू नका, काढून घेतात आणि उतरताना परत देतात. बुफेत गरम पाणी मिळतं पण दूध म्हणजे क्रीमच्या डब्या, त्याने चहा पांचट होतो. काउंटरवरच्या पोराकडे गरम दूध मागा, गोव्याचा नाहीतर आमच्या कोकणातला निघायची बरीच शक्यता, मराठीत बोलून बघा. जेवणाचं हेड वेटरला आदल्या रात्री सांगायचं, उद्या इंडियन व्हेज पाहिजे, म्हणजे ते तयारी ठेवतात.

पहाटे चालायला प्रोमेनेड डेक मस्त, पण त्याच वेळी पोरं पाईप घेऊन डेक धुत असतात, चपला नकोत, चांगले बूट घाला. आणि बाबांना एक वही द्या. दुपारी १२ च्या सुमाराला कॅप्टन स्पीकरवरून पोझिशन, वारा, समुद्राची खोली सांगतो, रिटायर्ड माणसं ते रोज लिहून घेतात आणि जेवताना दुसऱ्या टेबलाशी ताडून बघतात, आम्हाला फार गंमत वाटायची.

निवांत_काका:
केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या डेकची घ्या, कमी हलते. इन्शुरन्स काढाच, बोटीवरच्या डॉक्टरचं बिल बघून माझी बोट लागणं थांबलं होतं.

शेवग्याची_शेंग:
सगळ्यांचे खूप आभार! बाबांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, आभाळ मी लावणार नाही, कडा लावीन. आता आईला गाळणी न्यायची आहे आणि बाबा म्हणतायत दूध मिळतंय तर गाळणी कशाला, त्यावर चालू आहे.