पाजण्याचा हिशेब ॲपमध्ये: आधार की नसता ताप?

शेवंती:
बाळ कधी प्यायलं, कुठल्या बाजूला, किती मिनिटं, शू किती वेळा, शी कुठल्या रंगाची, हे सगळं टिपून ठेवणारी ॲप हल्ली बाळंतविड्याच्या आधी फोनमध्ये येऊन बसतात. माझं मत सरळ सांगते. पूर्ण दिवसांचं, ठणठणीत बाळ असेल आणि दोनेक आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत आलं असेल, तर हे ॲप काढून टाकावं.

सध्या नणंद बाळंतपणाला आमच्याकडे आली आहे. तिच्या ॲपवर डावी-उजवी अशी दोन गोल बटणं आहेत. बाळानं तोंड लावलं की एक दाबायचं, सोडलं की परत दाबायचं. खाली 'मागच्या वेळेपासून १ तास १० मिनिटं' असं सरकत राहतं. संध्याकाळी बाळ मुठी चोखायला लागलं की ही आधी तो आकडा बघते. 'आत्ताच तर प्यायलाय, भूक कशी लागेल?' मग मांडीवर हलव, फिरव, गॅस झाला असेल म्हणून पाठ थोपट. तोवर पोर रडून लाल.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत बरीच बाळं संध्याकाळी लागोपाठ मागतात, त्यात काही बिघडलेलं नसतं. दूध जितकं ओढलं जातं तितकं बनतं. घड्याळ बघून पाजणं लांबवलं की ओढणं कमी, मग दूध खरंच कमी, मग 'पुरत नाही' म्हणून पावडरचा डबा. आणि मिनिटांवरून दुधाचं माप कळतं कुठे? एखादं बाळ सात मिनिटांत पोट भरून घेतं, एखादं चाळीस मिनिटं नुसतं तोंड लावून झोपा काढतं.

रात्रपाळीचा_बाबा:
सपशेल असहमत. तुमच्या नणंदेला माहेर आहे, वहिनी आहे. इकडे हिंजवडीत आम्ही दोघंच. बाळ छत्तिसाव्या आठवड्यात आलं, वर कावीळ. ते मागतच नव्हतं, नुसतं झोपायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही, उठवून पाजा. बायकोला टाके, डोळ्याला डोळा नाही, शेवटचं कधी पाजलं ते तिला आठवत नसे. ॲप दोघांच्याही फोनवर होतं. गजर माझ्याकडे वाजायचा, मी लंगोट बदलून, तळपाय चोळून बाळाला जागं करायचो आणि मगच तिला उठवायचो. 'मागेल तेव्हा पाजा' हे मागणाऱ्या बाळाच्या बाबतीत ठीक आहे.

शिवाय बाप म्हणून मला त्यात करण्यासारखं काहीतरी होतं. एरवी पाजायची वेळ झाली की पुरुषाला 'तू जरा बाहेर जा' एवढंच ऐकू येतं.

शेवंती:
'पूर्ण दिवसांचं' असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय हो. छत्तीस आठवड्यांच्या बाळाला गजर हवाच, त्यावर वाद नाही.

अळीवाचा_लाडू:
आमच्या पिढीनं कुठलंही ॲप न लावता चार-चार पोरं वाढवली. मालिशवाली, सासू, शेजारीण, कुणी ना कुणी बघायला असे. रडलं की घे अंगावर, एवढंच शास्त्र. आता बाळ रडलं की आई गुगल करते आणि आजी दारात उभी राहून बघते.

गुळवेल:
काकू, राग मानू नका, पण याच 'कुणी ना कुणी'नी चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पिळून फेकायला लावलाय, मध चाटवलाय, पहिल्या दिवसापासून घुटी उगाळलीय. मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषानं होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो, वर्षाच्या आत मध नको, हे मला ॲपनं सांगितलं, घरातल्यांनी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे बघा. देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, तरी जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी फक्त आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. उरलेल्यांचं काय ॲपनं बिघडवलं?

अळीवाचा_लाडू:
चीक आमच्याकडे कुणी फेकला नाही. घुटी उगाळली, आणि पोरं धडधाकट आहेत.

फुकटात_काय_मिळतं:
मुद्दा बाजूलाच राहतोय. ॲप फुकट आहे, तर पैसे कोण भरतंय? आपल्याकडे १९९२चा कायदा आहे, २००३मध्ये आणखी कडक केलेला. दोन वर्षांखालच्या बाळांसाठीचं पावडरचं दूध, बाटल्या, डबाबंद बाळ-आहार यांची जाहिरात करायला बंदी. पण फोनच्या आत कोण बघायला जातंय? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२चा अहवाल याच विषयावर आहे. ॲप, 'बेबी क्लब', सल्ल्याच्या हेल्पलाइन, पैसे घेऊन बोलणारे इन्फ्लुएन्सर, अशा वाटांनी पावडरवाल्या कंपन्या गरोदर बायकांपर्यंत पोहोचतात. समाजमाध्यमांवर दिवसाला साधारण ९० पोस्ट, आणि पोहोच २२ कोटी ९० लाख लोकांपर्यंत. प्रसूतीची तारीख तर आपणच भरून देतो. त्यानंतर रात्री दोनला 'दूध पुरत नाही असं वाटतंय का?' अशी सूचना आली, तर ती काळजीपोटी आली असं मी तरी समजणार नाही.

गुळवेल:
सगळ्यांना एकाच माळेचे मणी का करताय? सरकारची किलकारी सेवा घ्या. स्मार्टफोनही लागत नाही. साध्या फोनवर दर आठवड्याला एक आवाजी संदेश, गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत. ना डबा, ना जाहिरात. मुंबईच्या 'अरमान' संस्थेचं एममित्रही त्याच जातीचं.

फुकटात_काय_मिळतं:
हेतूबद्दल शंका नाहीच. पण किलकारीची मध्य प्रदेशात रीतसर चाचणी झाली. गर्भनिरोधकांच्या वापरात थोडी वाढ दिसली, निव्वळ स्तनपानात फरक दिसला नाही.

वॉर्डातली_ताई:
मी प्रसूती वॉर्डात काम करते. फरक का दिसला नसेल, याचा माझा अंदाज सांगते. 'सहा महिने फक्त अंगावरचं दूध' हे वाक्य आता बायकांना पाठ आहे. अडतं ते बाळ स्तनाला नीट लागण्यापाशी, आणि ते कानानं शिकता येत नाही, बघावं लागतं. आयआयटी मुंबईचे हेल्थ स्पोकन ट्यूटोरियल म्हणून व्हिडिओ आहेत, मराठीतही आहेत. ते मी खाटेपाशी फोनवर लावते आणि थांबवत थांबवत करून घेते. डावीकडे पाजायचं तर बाळ उजव्या हातावर, अंगठा आणि बोटं बाळाच्या कानांच्या मागे, मानेला आधार. त्यानं जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबायचं, हनुवटी आधी टेकवायची. लागल्यावर स्तनाचा काळा भाग वरून जास्त दिसला पाहिजे, खालून कमी. भेगा पडून रडणाऱ्या बाईला मिनिटांचा तक्ता काय कामाचा? हा व्हिडिओही डिजिटलच आहे बरं का, शेवंतीताई.

नोंदच ठेवायची तर बाहेर काय पडतं ते लिहा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा-सात वेळा स्वच्छ शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. व्हिटॅमिन डीचे थेंब रोज ४०० युनिट आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लशी, यांची आठवण करायला ॲप चांगलंच.

दोन आठवड्यांची तुमची मुदत मात्र मला पटत नाही. २६ आठवड्यांची रजा सगळ्यांच्या नशिबी नसते. लवकर कामावर जाणारी बाई दूध काढून ठेवते, तिला कुठल्या डब्यात कधीचं दूध आहे ते लिहावंच लागतं.

निळी_झबली:
इथे कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या औषधांमुळे डॉक्टरांनीच पाजू नका म्हणून सांगितलं. पावडर कशी द्यायची हे विचारलं की समोरचा आधी आईच्या दुधाचं महत्त्व ऐकवतो. शेवटी एका ॲपनं पायरी-पायरीनं दाखवलं. पाणी उकळायचं, ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत पावडर मिसळायची, सपाट चमचा, दाबून भरायचा नाही, मग कोमट करून द्यायचं. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पातळ करून पाजणारी घरं मी बघितली आहेत. जाहिरातीला बंदी असू द्या, पण माहितीही कुजबुजून का मिळावी?

फुकटात_काय_मिळतं:
मिळायलाच हवी. फक्त ती डॉक्टर-नर्सनी द्यावी, डबा विकणाऱ्यानं नको. कायद्याचा रोखही तोच आहे.

निळी_झबली:
डॉक्टरांकडे तेवढा वेळ असता तर मी ॲप कशाला उघडलं असतं?

वॉर्डातली_ताई:
हे खरं आहे. आमच्याकडेही पावडर लिहून देतात, ती कालवायची कशी हे क्वचितच कुणी करून दाखवतं.

रात्रपाळीचा_बाबा:
ताई, मिनिटांचा रकाना आजच बंद करतो, शूचा ठेवतो. थेंबांची आठवणही राहू देणार, ती आम्ही दोघंही विसरतो.

शेवंती:
थेंबांना फोनमधला साधा गजर पुरे की. तो प्रसूतीची तारीख विचारत नाही.