मदत हवी आहे: दहा वर्षांच्या कमाईवरून एका शेअरचं मोल कसं काढावं?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची. आईने जपलेले एका रसायन कंपनीचे शेअर ठेवायचे की विकायचे, हे ठरवायचं आहे. या धंद्यात नफा एका वर्षी दुप्पट, पुढच्या वर्षी निम्मा, म्हणून एका वर्षाच्या पीईवर (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर कमाई) माझा भरवसा नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांच्या रीतीने मागच्या 10 वर्षांची प्रतिशेअर कमाई महागाईनुसार आजच्या रुपयांत आणून सरासरी काढते आहे. ही रीत मुख्यतः अख्ख्या बाजारासाठी वापरतात, तरी चढउताराच्या धंद्याला तीच जास्त न्याय देईल असं मला वाटतं.

महागाईसाठी ग्राहक किंमत निर्देशांक घ्यावा की घाऊक? मधे 1:1 बोनस (प्रत्येक शेअरमागे एक फुकट शेअर) झाला, म्हणजे त्याआधीची प्रतिशेअर कमाई निम्मी धरायची ना? कंपनीने नंतर दुसरा कारखाना विकत घेतला, मग जुनी वर्षं धरावीत का? इथेच मी जास्त अडले आहे. कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.