बारा अ‍ॅप्सचं बंडल साठ डॉलरला मिळतंय, घेऊ का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी मिरजेत घरूनच लग्नपत्रिका, मंडळांचे फ्लेक्स, दुकानांचे लोगो असली डिझाईनची कामं करते. दिवाळीनंतर सेकंडहँड मॅकबुक घेतलं आणि आता एका साईटवर बारा अ‍ॅप्सचं बंडल दिसतंय, सुटी घेतली तर साडेपाचशे डॉलर आणि एकत्र फक्त ६०. मला खरी गरज दोनचीच, फॉन्ट मॅनेजर आणि पीडीएफ एडिटर, बाकीची काय करतात तेही नीट माहीत नाही. भाऊ म्हणतो घेऊन टाक. पण "ताई, थोडं कमी करा ना" ऐकून मी स्वतः वैतागलेली असते, मग दुसऱ्याचं काम असं मातीमोल भावात घ्यायला मन धजत नाही. बनवणाऱ्याला यातलं काय मिळतं?

जुनाकोडर
ताई, मॅकवाल्यांत हा वाद २००६ पासूनचा आहे. त्या डिसेंबरात मॅकहाइस्ट नावाच्या साईटचं पहिलं बंडल आलं, किंमत ४९ डॉलर, सोळा हजारांच्या वर खपलं आणि चौथा हिस्सा समाजकार्याला गेला, जवळपास दोन लाख डॉलर. पण काही डेव्हलपरना ठरलेली एकरकमी रक्कमच मिळाली, बंडल कितीही खपो. यावर अ‍ॅपलवर ब्लॉग लिहिणाऱ्या जॉन ग्रुबरसारख्यांनी जाहीर टीका केली. डेव्हलपर आपणहून तयार झाले होते हेही खरंच.

माझी स्वतःची एक छोटी युटिलिटी होती, ती मी एका बंडलवाल्यांकडे दिली होती. पैसे एकदम आले, नवीन मशीन घेता आलं, नाही कशाला म्हणू. पण कॉपी फुकटात निघते, सपोर्ट फुकटात होत नाही, पुढचे कित्येक महिने रोज मेल यायचे आणि त्यातले निम्मे अ‍ॅप नक्की कशासाठी आहे हे विचारणारे. सगळ्यात वाईट वाटायचं ते आदल्याच पंधरवड्यात पूर्ण पैसे भरून घेतलेल्या लोकांचं. त्यांना काय तोंडाने उत्तर देणार? म्हणून सांगतो, जे अ‍ॅप हवंय त्याच्या डेव्हलपरला सरळ मेल टाका, हे लायसन्स पूर्ण आहे का, पुढची मोठी आवृत्ती यात येते का, आणि तुमच्याकडून थेट घेतलं तर काही सूट आहे का. आम्ही लोक उत्तर देतो.

अक्षरवेडी
त्याच्याही आधी देवनागरी तपासा! ट्रायल उतरवा आणि "दऱ्या, तऱ्हा, कृष्ण, श्री" टाईप करून बघा. अफिनिटी इतकं चांगलं डिझाईनचं सॉफ्टवेअर, पण पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत जोडाक्षरं धड जुळायची नाहीत, मी पत्रिकेचा मजकूर दुसरीकडे टाईप करून, अक्षरांची आउटलाईन (म्हणजे नुसते आकार) करून आणायचे. फॉन्टची बंडलं तर आपल्या कामाची नसतातच जवळजवळ, हजार फॉन्ट म्हणतात आणि उघडून बघावं तर सगळे रोमन. त्यापेक्षा मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट बघा, खुल्या लायसन्सचे आहेत, धंद्याच्या कामालाही चालतात.

पावसाळी
सगळी बंडलं सारखी नसतात हो. २०१० च्या मे महिन्यात हंबल नावाच्या साईटचं पहिलं गेम्सचं बंडल आलं, वाटेल ती किंमत द्या, आणि डेव्हलपरना किती नि धर्मादाय संस्थांना किती हे घेणाऱ्यानेच पट्टी सरकवून ठरवायचं. बारा लाख डॉलरच्या वर जमले, लिनक्सवाल्यांनी विंडोजवाल्यांपेक्षा सरासरी बरेच जास्त दिले. एक सेंट देऊनही मिळत होतं, तरी साधारण पाव डाउनलोड चोरीचे असावेत असा त्यांचाच अंदाज होता, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. २०२१ मध्ये त्या पट्ट्यांवर मर्यादा घातल्या तेव्हा लोक चिडले आणि बरोबरच चिडले, कारण पैसे कुठे जातात हे दिसत होतं म्हणून तर लोक हात सैल सोडत होते. तुमच्या साईटवर वाटणी कुठे लिहिलीय का? नसेल तर मी नाही घेणार.

सेटअ‍ॅपही बघा, मासिक वर्गणीत बरीच मॅकची अ‍ॅप्स वापरायला मिळतात आणि त्या वर्गणीतला ७० टक्के भाग आपण वापरलेल्या अ‍ॅप्सच्या डेव्हलपरांत वाटला जातो. फक्त कार्डावर इंटरनॅशनल पेमेंट चालू लागतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनंतर दर महिन्याचं आपोआप पेमेंट काही कार्डांवर अडतं, ते बँकेत आधी विचारा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. दोन्ही ट्रायल उतरवल्या. फॉन्ट मॅनेजर छान आहे, पण पीडीएफ एडिटरमध्ये "तऱ्हा"चा पार चुरा झाला, म्हणजे बारातलं एकच उरलं. साईटवर वाटणीचं अक्षरही नाही. फॉन्ट मॅनेजरवाल्यांना मेल टाकलाय, सूट नाही मिळाली तरी थेटच घेईन, दोन पत्रिकांच्या कामात पैसे निघतील. आता मराठी पीडीएफमधला मजकूर न मोडता बदलता येईल असं काही कुणी वापरतं का? पत्रिकेतलं एक नाव बदलायचं तरी दर वेळी मूळ फाईल शोधत बसावं लागतं.