वजनापेक्षा वाटणी बघा

ट्रेकला निघालेल्या नवख्या गटांच्या पाठीवर सामान फार असतं असं नेहमी म्हटलं जातं, पण माझ्या मते खरी गोची वाटणीत असते. प्रत्येकजण एकटाच निघाल्यासारखी सॅक भरतो. मग मुक्कामावर तीन स्टोव्ह, चार चाकू निघतात आणि लायटर एकाकडेही नसतो. आदल्या दिवशी सगळ्यांनी एकाच खोलीत सॅक उपड्या कराव्यात, बरंचसं ओझं तिथेच गळतं.

गॅसचं तर वेगळंच त्रांगडं. स्टोव्ह एकाचा, डबा दुसऱ्याचा. एक आट्यांचा, तर दुसरा नुसता दाबून बसवायचा. जोडून, पेटवून बघितल्याशिवाय निघूच नये. थंडीत जाणार असाल तर डब्यात काय भरलंय तेही वाचा. साधं ब्यूटेन उणे ०.५ अंशाच्या आसपास उकळतं, त्यामुळे गोठणबिंदूजवळ त्याचा वायूच होईनासा होतो. डबा हलवला की आत द्रव खुळखुळतो, ज्योत मात्र मिणमिणती! आयसोब्यूटेन साधारण उणे १२ ला उकळतं, सोबत प्रोपेन असेल तर आणखी बरं.

मॅटवर पैसे वाचवून स्लीपिंग बॅग भारीतली घेणं हाही नेहमीचाच प्रकार. अंगाखाली बॅगेतली पिसं दबतात, त्यांच्यात हवा उरत नाही आणि जमीन रात्रभर ऊब ओढत राहते.

आणि हो, कोरे बूट थेट ट्रेकला घालणारा एकजण असतोच. त्याला आधीच हेरून चार दिवस ते घालून हिंडायला लावा.